विश्लेषण : जास्वंदीवर कापूस की कीड? पिठ्या ढेकूण आणि खवले कीड ओळखायची कशी, रोखायची कशी?

इचलकरंजीत यंत्रमागाच्या शेडजवळ घर असेल तर खिडकीच्या जाळीवर, तारांवर आणि अंगणातल्या झाडांवरही कापसाचे बारीक तंतू बसलेले दिसतात. त्यामुळे जास्वंदीच्या शेंड्यावर पांढरे काही दिसले तर पहिल्यांदा कोणी लक्ष देत नाही. पंधरा दिवसांनी शेंडा आखडतो, कळ्या गळू लागतात, खालची पाने चिकट होतात आणि खोडावर मुंग्यांची रांग लागते. तेव्हा लक्षात येते, की हा कापूस नव्हता. तो पिठ्या ढेकूण होता. कुंडीतल्या जास्वंदीपासून पंचगंगेकाठच्या उसापर्यंत आणि सांगली भागातल्या द्राक्षबागांपर्यंत, या किडीचे आणि तिच्या भावकीतल्या खवले किडीचे नुकसान मोठे आहे. त्याहून मोठे नुकसान होते ते चुकीच्या वेळी, चुकीच्या औषधाची फवारणी केल्याने. ही कीड नेमकी कशी जगते, औषध मारूनही परत का येते आणि तिला रोखण्याचा खात्रीचा मार्ग कोणता, याविषयी...

कापूस की कीड, कसे ओळखायचे?

सर्वांत सोपी खूण म्हणजे जागा. मागावरून उडालेला तंतू पानावर कुठेही बसतो, फुंकर मारली की उडतो. पिठ्या ढेकूण मात्र ठरावीक ठिकाणी सापडतो. पान आणि फांदी जिथे जुळतात ती बेचकी, पानाच्या मागची शीर, कोवळा शेंडा, कळीचा देठ, फळाच्या देठाजवळचा खळगा या त्याच्या आवडत्या जागा. फुंकर मारून तो हलत नाही. काडीने पांढरा थर बाजूला केला की आत तांदळाच्या कणीएवढा, लांबट गोल, मऊ, फिकट पिवळा किंवा गुलाबी किडा दिसतो. चिरडला तर बोटाला ओलसर द्रव लागतो.

आणखी काही गोष्टी पिठ्या ढेकणासारख्या दिसून फसवतात. भुरी हा बुरशीचा रोग आहे. त्यात पानावर पीठ भुरभुरल्यासारखे दिसते, पण पुसल्यावर खाली किडा नसतो. पांढरी माशी असेल तर फांदी हलवताच बारीक माश्यांचा ढग उडतो. बोअरच्या क्षारयुक्त पाण्याचे डाग पानाच्या वरच्या बाजूला, थेंब सुकले असतील तिथे पडतात आणि ते कोरडे असतात. भुरीवर कीटकनाशक आणि पिठ्या ढेकणावर बुरशीनाशक मारणे हा पैशांचा निव्वळ अपव्यय असल्याने पहिली दोन मिनिटे ओळखण्यासाठी द्यावीत. मोबाइलच्या कॅमेऱ्याने जवळून फोटो काढून तो मोठा करून पाहिला, तरी बराच उलगडा होतो.

पिठ्या ढेकूण म्हणजे नेमके काय?

नावात ढेकूण असला तरी खाटेतल्या ढेकणाशी त्याचा तसा संबंध नाही. हा झाडाचा रस शोषणारा कीटक आहे. मावा, पांढरी माशी, खवले कीड हे सगळे त्याच कुळाच्या आसपासचे. सुईसारखी सोंड झाडात खुपसून तो अन्नरस पितो. अंगातून मेणाची पांढरी भुकटी स्रवते आणि तीच त्याचे चिलखत बनते. या मेणावर पाणी ठरत नाही, त्यामुळे पाण्यात मिसळलेले औषधही अनेकदा ओघळून जाते.

मादीला पंख नसतात. बहुतेक जातींत ती मेणाच्या कापसासारख्या पिशवीत शेकडो अंडी घालते. अंड्यातून बाहेर पडणारी पिल्ले डोळ्याला जेमतेम दिसतील इतकी बारीक, पिवळसर आणि चपळ असतात. ती रांगत रांगत नवी कोवळी जागा शोधतात. वारा, पाटाचे पाणी, कपडे, कात्री, शेजारच्या कुंडीला टेकलेली फांदी आणि मुंग्या यांच्यामार्फत त्यांचा प्रवास होतो. या अवस्थेत अंगावर मेण जवळजवळ नसते. नर मात्र बारीक, पंख असलेला आणि अल्पायुषी असतो, तो सहसा दिसतही नाही. उष्ण हवेत अंड्यापासून प्रौढापर्यंतचा प्रवास साधारण महिनाभरात पूर्ण होतो. म्हणूनच फेब्रुवारी ते मे या कोरड्या, तापत्या महिन्यांत ही कीड भराभर वाढते आणि जोराच्या पावसात धुऊन कमी होते.

खवले कीड वेगळी कशी?

खवले कीड पाहून ती जिवंत आहे, असे अनेकांना वाटतच नाही. गुलाबाच्या, लिंबाच्या, कढीपत्त्याच्या किंवा सायकसच्या फांदीवर, पानावर तपकिरी, राखाडी किंवा पांढरट ठिपके चिकटलेले दिसतात. सालीवरचे खवडे समजून त्याकडे दुर्लक्ष होते. प्रत्यक्षात प्रत्येक ठिपका म्हणजे एका किड्यावरचे झाकण असते. पिल्लू काही काळ रांगते, जागा पसंत पडली की सोंड खुपसते आणि मादी असेल तर बहुधा तिथेच आयुष्य काढते. वरून कवच वाढत जाते.

खवले किडीचे ढोबळ दोन गट करता येतात. मऊ कवचाच्या गटात किडीमुळे झाड चिकट होते. कडक कवचाच्या गटात चिकटपणा नसतो, पण पानांवर पिवळे ठिपके पडतात आणि फांदी टोकाकडून वाळत येते. दोन्हींसाठी चाचणी एकच. नखाने ठिपका खरवडावा. तो सुटून निघाला आणि खाली ओलसर किडा दिसला तर खवले कीड. चिरडल्यावर द्रव निघाला तर ती जिवंत, कोरडा भुगा पडला तर मेलेली. ही चाचणी फार उपयोगाची आहे. कारण कीड मेल्यावरही कवच कित्येक आठवडे फांदीला चिकटून राहते आणि ‘औषध लागू पडले नाही’ असे समजून लोक पुन्हा पुन्हा फवारत राहतात.

चिकट पाने, काजळी आणि मुंग्या यांचा संबंध काय?

झाडाच्या रसात साखर भरपूर आणि प्रथिनांचे घटक थोडे असतात. पुरेसे पोषण मिळावे म्हणून किडीला खूप रस प्यावा लागतो आणि जास्तीची साखर ती चिकट थेंबांच्या रूपात बाहेर टाकते. हे थेंब खालच्या पानांवर पडतात. त्यावर काळी बुरशी वाढते आणि पान काजळी धरल्यासारखे होते. ही बुरशी पानात शिरत नाही, पण सूर्यप्रकाश अडवते. त्यामुळे पानाची अन्न तयार करण्याची क्षमता घटते. काजळी दिसली की त्या पानावर उपाय शोधण्याऐवजी वरच्या फांदीकडे पाहावे. मूळ कीड तिथे बसलेली असते.

हाच गोड द्रव मुंग्यांना हवा असतो. मुंग्या किडीची राखण करतात, तिच्यावर चाल करून येणाऱ्या मित्रकीटकांना हुसकावतात आणि काही वेळा पिल्लांना उचलून नव्या जागी नेऊन ठेवतात. त्यामुळे खोडावर मुंग्यांची वर-खाली रांग दिसणे ही सर्वांत लवकर मिळणारी सूचना आहे. मुंग्यांची वाट न तोडता केवळ किडीवर फवारणी केली, तर यश अर्धवटच राहते.

औषध मारूनही कीड परत का येते?

याची चार कारणे आहेत. पहिले, मेण आणि कवच. दुसरे, अंडी. पिशवीतल्या अंड्यांपर्यंत बहुतेक औषधे पोहोचत नाहीत. आज दिसणारे सगळे किडे मेले, तरी पुढच्या आठवड्यात नवी पिल्ले बाहेर येतात. तिसरे, लपण्याच्या जागा. सालीखाली, पानाच्या बेचकीत आणि काही जातींत मुळांवरही कीड राहते. चौथे कारण सर्वांत महत्त्वाचे आणि सर्वांत दुर्लक्षित आहे. जहाल कीटकनाशकाने उघड्यावर फिरणारे मित्रकीटक आधी मरतात, मेणाखालची कीड मात्र शिल्लक राहते. शत्रू उरला, पहारेकरी गेले. मग कीड आधीपेक्षा जोमाने वाढते आणि पुढची फवारणी त्याहून जहाल औषधाची होते.

त्यामुळे या किडीविरुद्धची लढाई औषधाच्या ताकदीवर जिंकता येत नाही. ती वेळ साधण्यावर जिंकली जाते. रांगती पिल्ले हा तिच्या आयुष्यातला एकमेव उघडा टप्पा. त्या टप्प्यावर सौम्य उपायसुद्धा पुरतो, मात्र तो सात-आठ दिवसांच्या अंतराने तीन-चार वेळा करावा लागतो.

घरच्या कुंडीसाठी कोणते उपाय करावेत?

कीड दिसताच कुंडी बाकीच्या कुंड्यांपासून बाजूला ठेवावी. त्यानंतर पुढील क्रमाने जावे.

• छाटणी : जास्त किडलेले, आखडलेले शेंडे कापून प्लास्टिकच्या पिशवीत घालावेत. पिशवीचे तोंड बांधून ती दिवसभर कडक उन्हात ठेवावी आणि मग टाकावी. कापलेले शेंडे गटारीत, मोकळ्या प्लॉटवर किंवा खतखड्ड्यात टाकू नयेत. कात्री स्पिरिटने पुसून घ्यावी.

• पाणी : पाइपच्या जोरदार धारेने पानांची मागची बाजू आणि बेचक्या धुवाव्यात. कुंडीतल्या मातीवर आधी प्लास्टिक अंथरावे, म्हणजे पडलेले किडे पुन्हा मातीत जाणार नाहीत.

• हाताने काढणी : झाडे दोन-चारच असतील तर हा सर्वांत खात्रीचा उपाय. औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या स्पिरिटमध्ये कापसाचा बोळा किंवा कान साफ करण्याची काडी बुडवून ती किड्यांवर टेकवावी. स्पिरिटने मेण विरघळते. आधी एका पानावर लावून दोन दिवस वाट पाहावी. काम उन्हात किंवा आगीजवळ करू नये. खवले कीड जुन्या मऊ टूथब्रशने हलके घासून काढता येते.

• साबणाचे पाणी : एक लिटर पाण्यात साधारण ५ मिलि सौम्य द्रव साबण मिसळून पाने दोन्ही बाजूंनी भिजतील असे फवारावे. साबण किड्याच्या अंगाला लागला तरच काम करतो, पानावर वाळल्यावर त्याचा उपयोग नाही. धुण्याची पावडर वापरू नये, पाने करपतात.

• निंबोळी : ५ टक्के निंबोळी अर्कासाठी ५० ग्रॅम कुटलेल्या निंबोळ्या रात्रभर पाण्यात भिजवून, गाळून, एक लिटर द्रावण करावे. तयार कडुनिंबाचे तेल वापरायचे तर एक लिटर पाण्यात ५ मिलि तेल आणि थोडा द्रव साबण घालून चांगले ढवळावे. साबणाशिवाय तेल पाण्यात मिसळत नाही. फवारणी संध्याकाळी करावी. उन्हात तेलाने पाने भाजतात.

• मुंग्या : कुंडीचे पाय पाण्याच्या ताटलीत ठेवावेत, झाड भिंतीला टेकू देऊ नये. मोठ्या झाडाच्या खोडाभोवती चिकट पट्टी बांधावी.

हे चक्र सात-आठ दिवसांनी पुन्हा करावे. महिनाभर नवे किडे दिसले नाहीत, तरच कुंडी परत जागेवर ठेवावी. झाड सुकते आहे, पण वर काहीच दिसत नाही, असे असेल तर कुंडीतून मातीचा गोळा अलगद काढून मुळे पाहावीत. मुळांवर पांढरी भुकटी दिसली तर मुळे धुऊन, माती बदलून, झाड नव्या कुंडीत लावावे. तुळस, कढीपत्ता, पुदिना अशा तोंडात जाणाऱ्या झाडांवर रासायनिक कीटकनाशक मारूच नये. नर्सरीतून आणलेले रोप दोन आठवडे वेगळे ठेवणे हा सर्वांत स्वस्त उपाय. कीड घरात येते ती बहुतेकदा नव्या रोपासोबतच.

उसात ही कीड कुठे लपते?

इचलकरंजीच्या वेशीबाहेर पडले की हातकणंगले आणि शिरोळ तालुक्यांत ऊसच ऊस लागतो. उसावर या गटातल्या दोन किडी प्रामुख्याने येतात. गुलाबी पिठ्या ढेकूण कांड्याच्या पेराजवळ, पानाच्या देठाने झाकलेल्या जागेत गोलाकार बसतो. वाळलेले पाचट ओढल्याशिवाय तो दिसत नाही. खवले कीड कांडी सुटल्यानंतर येते. कांड्यांवर राखाडी, काळपट थर चढतो, ऊस आक्रसतो, उत्पादन आणि साखरेचा उतारा दोन्ही घटतात.

दोन्ही किडींचा मुख्य प्रवास बेण्यातून होतो. किडका ऊस बेण्याला वापरला की कीड नव्या शेतात आपसूक पोहोचते. त्यामुळे उपायाचा पहिला दिवस लागणीचा असतो, कीड दिसल्याचा नसतो. बेणे मळ्यातले निरोगी बेणे घ्यावे. पाचट काढून कांडी तपासावी. लागणीपूर्वी शिफारशीत कीटकनाशक आणि बुरशीनाशकाच्या द्रावणात बेणे १० ते १५ मिनिटे बुडवावे. बेणेप्रक्रिया करताना हातमोजे वापरावेत. फार किडलेल्या उसाचा खोडवा ठेवू नये. शेतात पाणी साचू न देणे, नत्राचा हात आखडता ठेवणे आणि पीक मोठे झाल्यावर खालची वाळलेली पाने काढणे, यानेही प्रादुर्भाव आटोक्यात राहतो. युरियाचा जादा डोस दिलेले लुसलुशीत पीक रस शोषणाऱ्या किडींना आयते जेवण ठरते. कुंडीतल्या झाडालाही हाच नियम लागू आहे.

२००२ च्या लोकरी माव्याने काय शिकवले?

या भागातल्या मध्यमवयीन शेतकऱ्यांना पांढऱ्या किडीची दहशत ठाऊक आहे, ती लोकरी माव्यामुळे. २००२ च्या पावसाळ्यात सांगली जिल्ह्यात उसाच्या पानांमागे पांढरी लोकर दिसू लागली. पाहता पाहता कोल्हापूर, सातारा, सोलापूर, पुणे आणि सीमेपलीकडे बेळगाव, बागलकोटचा पट्टा तिने व्यापला. पाने काळी पडली, चिकट थेंबांनी उसात शिरणे नकोसे झाले. हा पिठ्या ढेकूण नव्हे. तो माव्याचा प्रकार, पण नात्यातलाच. रस शोषणे, अंगावर मेण, गोड चिकट द्रव आणि काजळी, सगळे तसेच. त्यात मादी नराशिवाय थेट पिल्ले देत असल्याने वाढीचा वेग भयंकर होता. ईशान्य भारत आणि बंगालमध्ये ही कीड आधीपासून माहीत होती, पश्चिम महाराष्ट्राला मात्र ती नवीन होती.

पहिली प्रतिक्रिया साहजिकच फवारणीची होती. पण डोक्यावर गेलेल्या, आडव्या पडलेल्या उसात शिरून पानाच्या मागच्या बाजूला औषध पोहोचवणे जवळजवळ अशक्य होते. मग लक्ष गेले ते माव्याच्या थव्यातच सापडणाऱ्या काही अळ्यांकडे. डायफा ॲफिडिव्होरा या पतंगाची अळी माव्यातच जाळी विणून राहते आणि मावा फस्त करते. मायक्रोमस इगोरोटस हा दुसरा भक्षक. संशोधन संस्था, कृषी विद्यापीठ आणि साखर कारखान्यांच्या पुढाकाराने या मित्रकीटकांची शेडनेटमध्ये पैदास होऊ लागली. हेक्टरी डायफाच्या १,००० किंवा मायक्रोमसच्या २,५०० अळ्या सोडण्याची शिफारस झाली. मित्रकीटक असलेली पाने कापून दुसऱ्या शेतात नेऊन बांधणे हा सोपा मार्गही शेतकऱ्यांनी अवलंबला. आसाममधून आणलेल्या एन्कार्सिया या बारीक परोपजीवी कीटकाचीही जोड मिळाली. पुढच्या काही हंगामांत साथ ओसरली. लोकरी मावा आजही अधूनमधून दिसतो, पण त्याच्यासोबत डायफाही दिसते. अशा शेतात घाईने कीटकनाशक मारू नये, हा त्या साथीचा धडा आहे.

इतर पिकांचा अनुभव काय सांगतो?

पपईवरच्या पिठ्या ढेकणाची गोष्ट याहून ठळक आहे. मूळची मेक्सिकोकडची ही कीड २००८ मध्ये कोइमतूरला आढळली आणि २०१० पर्यंत महाराष्ट्रात पोहोचली. पपईच्या बागा पांढऱ्या झाल्या, फवारण्या वाया गेल्या. २०१० मध्ये बेंगळूरुच्या राष्ट्रीय संस्थेने, जी आज राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्यूरो म्हणून ओळखली जाते, अमेरिकेच्या कृषी खात्याच्या मदतीने प्युर्टो रिकोहून तीन परोपजीवी कीटक आणले. त्यांतला ॲसेरोफॅगस पपाये हा मुंगीपेक्षाही लहान कीटक सर्वांत प्रभावी ठरला. तो किड्याच्या अंगात अंडी घालतो आणि त्याची अळी किड्याला आतून खाते. कीड झपाट्याने आटोक्यात आली.

कपाशीवर २००५ नंतर आलेल्या पिठ्या ढेकणालाही एनासियस या परोपजीवी कीटकाने वेसण घातली. हा कीटक कोणी मुद्दाम सोडला नव्हता, तो शेतातच आढळला. या पिठ्या ढेकणाचा मुक्काम गाजरगवत, पेठारी आणि जास्वंदीवरही असतो. म्हणजे शहरातल्या मोकळ्या प्लॉटवर माजलेले गाजरगवत हा केवळ ॲलर्जीचा प्रश्न नाही. गच्चीवरच्या बागेसाठी तो किडीचा कोठार आहे. सांगली, तासगाव भागातल्या द्राक्षबागांत खोड आणि ओलांड्यांची सुटलेली साल काढणे हा पिठ्या ढेकणाविरुद्धचा पहिला उपाय मानला जातो. कीड घडात शिरली तर तोडणी जवळ आलेली असते, तेव्हा फवारले तर औषधाचा अंश द्राक्षात राहण्याचा धोका असतो.

मित्रकीटक ओळखायचे आणि जपायचे कसे?

पिठ्या ढेकणाचा नामांकित शत्रू म्हणजे क्रिप्टोलिमस हा ऑस्ट्रेलियातला ढालकिडा. कॉफीवरच्या किडीसाठी तो १८९८ मध्ये भारतात आणला गेला. प्रौढ भुंगेरा काळा, डोके नारिंगी. गंमत अशी, की त्याची अळी पिठ्या ढेकणासारखीच दिसते. अंगावर पांढरी मेणाची झालर असते. अनेक जण तिलाच कीड समजून मारतात. फरक दोन : ही अळी पिठ्या ढेकणापेक्षा बरीच मोठी असते आणि हात लावताच भराभर चालू लागते. पांढरे, मोठे आणि पळणारे दिसले तर हात आवरावा.

हिरव्या जाळीदार पंखांचा क्रायसोपर्ला हा आणखी एक मित्र. त्याची अंडी केसासारख्या बारीक दांडीवर टांगलेली असतात. किड्याचे कवच फुगून तपकिरी झाले आहे आणि त्याला टाचणीने पाडल्यासारखे गोल भोक आहे, असे दिसले तर परोपजीवी कीटक त्यातून बाहेर पडला, असे समजावे. याशिवाय लेकॅनिसिलियम लेकॅनी ही मित्रबुरशी मिळते. तिचे सर्वसाधारण प्रमाण लिटरला ४ ते ५ ग्रॅम असते, पुडक्यावरचे प्रमाण अंतिम मानावे. ती दमट हवेत, संध्याकाळी फवारावी आणि त्याच आठवड्यात बुरशीनाशक मारू नये, नाहीतर मित्रबुरशीच मरते.

रासायनिक औषध केव्हा आणि कोणत्या काळजीने?

आधीचे उपाय करूनही कीड पसरत असेल आणि पीक धोक्यात असेल, तेव्हाच रासायनिक औषधाकडे वळावे. त्या पिकासाठी शिफारस असलेलेच औषध घ्यावे. दुकानदाराच्या सांगण्यावरून दोन-तीन औषधे एकत्र मिसळू नयेत. डब्यावरच्या त्रिकोणाचा रंग पाहावा : लाल सर्वाधिक विषारी, त्यानंतर पिवळा, निळा आणि हिरवा. शेवटची फवारणी आणि तोडणी यांतले अंतर लेबलवर दिलेले असते, ते पाळावे. एकच औषध वारंवार वापरल्यास कीड त्याला दाद देईनाशी होते.

२०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजुरांचे बळी गेले. डोक्यावर उंच वाढलेल्या पिकात फवारताना औषध अंगावर पडते, हे उसालाही लागू आहे. मास्क, हातमोजे, पूर्ण बाह्यांचा शर्ट, वाऱ्याच्या दिशेने फवारणी आणि काम संपताच अंघोळ या गोष्टी टाळू नयेत. गच्चीवरच्या चार कुंड्यांसाठी शेतातले औषध आणून घरात ठेवणे तर कटाक्षाने टाळावे. थंड पेयाच्या रिकाम्या बाटलीत ओतून ठेवलेले औषध लहान मुलांच्या हाती लागू शकते.

सगळ्याच खवले किडी शत्रू आहेत का?

नाहीत. बांगड्यांची लाख ही एका खवले किडीचीच देणगी आहे. पळस, बोर, कुसुम या झाडांवर ही कीड राळेसारखे आवरण तयार करते. त्यापासून लाख आणि पूर्वी कापड रंगवण्यासाठी वापरला जाणारा लाल रंगही मिळतो. किरमिजी रंग देणारा निवडुंगावरचा कीटकही याच कुळातला. १७९५ मध्ये तो रंगासाठी म्हणून ब्राझीलहून भारतात आणला गेला. जात वेगळी निघाल्याने चांगला रंग मिळाला नाही, पण माजलेल्या निवडुंगाचा मात्र त्याने फडशा पाडला. कापडाच्या गावाला हे नाते जवळचे वाटावे.

आता करायचे काय?

आठवड्यातून एकदा, पाणी घालताना, पाच पाने उलटून पाहावीत. खोडावर मुंग्या आहेत का, खालची पाने चिकट आहेत का, एवढेच तपासावे. एका फांदीवरची कीड कापसाच्या बोळ्याने निघते, पूर्ण झाडावर पसरली तर महिना जातो. शेतात कीड दिसल्यास फवारणीपूर्वी पाचट ओढून मित्रकीटक आहेत का, ते पाहावे. शंका असेल तर कृषी सहायक, साखर कारखान्याचा शेती विभाग किंवा किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ हा निःशुल्क क्रमांक यांचा सल्ला घ्यावा. विचारताना फोटो सोबत असेल तर निदान लवकर होते. फोटो काढताना पानाची मागची बाजू विसरू नये. कीड तिथेच असते.